प्रतिकृती मोटार

बंद पडलेल्या जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीचा आकार फायबरच्या बॉडीत उतरवून ती दुसऱ्या गाडीच्या किंवा नव्याने जोडलेल्या चासीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) बसवतात. अशा गाडीला प्रतिकृती मोटार म्हणतात. मूळ कंपनीकडून हक्क घेऊन चालू ठेवलेले उत्पादन तिच्यात धरत नाहीत. इंग्लंडमधल्या केटरहॅम कंपनीने लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्या लोटस सेव्हन या स्पोर्ट्‌स मोटारीचे (१९५७) हक्क १९७३ मध्ये घेतले आणि चौथ्या मालिकेचे सुटे भाग संपल्यावर १९७४ पासून तिसरी मालिका पुन्हा बनवायला घेतली. ती अस्सल वारसदार गाडी आहे, नक्कल नव्हे.

पोर्शे ३५६ स्पीडस्टरची (१९५४) प्रतिकृती बहुधा फोक्सवॅगन बीटलवर उभी राहते, कारण दोन्हींचे हवेने थंड होणारे इंजिन मागे असते. बीटलचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २,४०० मिमी आणि ३५६ चा २,१०० मिमी, म्हणून बीटलची फ्लोअरपॅन (तळाचा पत्रा) ३० सेंमी कापून पुन्हा वेल्ड करतात. त्याबरोबर गिअरचा रॉड आणि ब्रेकचा पाइपही तेवढाच आखूड करावा लागतो. हे कष्ट टाळून बॉडीच लांबवली, तर दार आणि मागचे चाक यांमधली जागा वाढते. मग रंग कितीही सुरेख असो, गाडी लांबूनच खोटी दिसते.

बॉडी साच्यातून सुटावी म्हणून साच्याला मेण आणि त्यावर पीव्हीए (पातळ पापुद्रा धरणारे द्रावण) लावतात. मग जेलकोटचा, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत रेझिनचा, ०.४ ते ०.६ मिमी थर देतात. थर पातळ राहिला किंवा पुरता धरला नसताना मॅट (काचतंतूंची चटई) रेझिनने चढवली, तर रेझिनमधला स्टायरीन हा द्रावक त्याला फुगवतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या उठतात; थर जाड झाला तर पुढे तडे जातात. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर सुमारे १ मिमी भरतो. बॉडीला तीन थर लागतात, साच्याला किमान दुप्पट. रेझिन मॅटच्या वजनाच्या अडीच पट घ्यावे. कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर (रेझिन घट्ट करणारे द्रव्य) घालावा. हे दोन्ही थेट एकत्र आले तर पेट घेतात, स्फोटही होतो.

सांगली-मिरजेत हंगामाप्रमाणे माप बदलावे लागते. एप्रिल-मेच्या उन्हात दोन टक्के हार्डनरचे मिश्रण हातातच घट्ट होते, म्हणून प्रमाण एक टक्क्यावर आणतात. त्याखाली गेल्यास माल कच्चा राहतो. पावसाळ्यात पाण्यात विरघळणारे पीव्हीए सुकतच नाही, आणि ओल धरलेली मॅट रेझिन पीत नाही. ती पांढुरकी राहते आणि पुढे थर सुटतात. मॅट बंद पिशवीत, जमिनीपासून उंच ठेवावी. साच्यातून घाईने काढलेली बॉडी वाकते. चासीला बसवेपर्यंत तिला आतून आधार हवा.

वायरिंगमध्ये हमखास होणारी चूक अर्थिंगची, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीची, असते. फायबरमधून वीज वाहत नाही. पत्र्याच्या गाडीसारखा बॉडीला अर्थ दिला तर दिवे लागत नाहीत किंवा मिणमिणतात. प्रत्येक दिव्याची अर्थची वायर चासीपर्यंत न्यावी लागते.

परवान्याची अडचण मात्र कारागिरीने सुटत नाही. देवराष्ट्रे (ता. कडेगाव) येथे एका कारागिराने भंगारातून घडवलेली, किकवर सुरू होणारी छोटी जीप २०२१ मध्ये देशभर गाजली. ती नियमांत बसत नसल्याचे सांगून आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत गाडीची मूळ वैशिष्ट्ये बदलता येत नाहीत, आणि नवी गाडी विकायची तर नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेकडून, चाचणी करून घ्यावी लागते. नोंदणी नसलेली प्रतिकृती खासगी आवारातच चालवावी आणि प्रदर्शनाला ट्रेलरवरून न्यावी.