हायड्रो, गारगोटी आणि मुरमाचा डाग

विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत सुरुंग लागला की काळ्या पाषाणाच्या पोकळीत कधीकधी गारगोटीचे टोकदार स्फटिक सापडतात. सोलापुरात ज्यांच्या घरी असा दगड आहे, त्यांना त्यावरचा तांबूस थर ओळखीचा असेल. हा मुरमाचाच रंग. बेसॉल्टातलं, म्हणजे या काळ्या पाषाणातलं लोखंड पाण्याने सुटतं, हवा लागली की गंजतं आणि स्फटिकांच्या सांध्यांत जाऊन बसतं. ब्रशने ते हलत नाही. गारगोटीला बहुतेक आम्लांनी काही होत नाही, म्हणून ‘ॲसिडात टाका’ असं सर्रास सांगितलं जातं.

या सल्ल्यातलं ॲसिड बहुधा ऑक्झॅलिक असतं. ते आपल्याला परकं नाही. थंडीत पहाटे हरभऱ्यावर फडकं फिरवून जी आंब गोळा करतात, तिच्यात मॅलिकबरोबर ऑक्झॅलिक आम्लही असतं. १७७६ साली ते साखरेपासून तयार करण्यात आलं, आणि पुढे युरोपात कपड्यांवरचे शाईचे व गंजाचे डाग काढायला वापरात आलं. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात लाल मातीतून गारगोटी निघते; तिथले लोक ती याच आम्लात भिजवतात. तिथे ते चालतं, कारण दगडात मुख्यतः गारगोटीच असते.

आपल्या दगडांची गोष्ट वेगळी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातल्या पोकळ्यांत गारगोटीच्या शेजारी स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट अशी नाजूक खनिजांची मंडळी बसलेली असतात, आणि आम्ल त्यांना सोसत नाही. मी हे शिकलो ते एक चांगला दगड घालवून. संडास साफ करायचं ॲसिड पातळ केलं आणि दगड रात्रभर त्यात ठेवला. सकाळी गारगोटी लखलखीत होती. तिच्या बाजूचा स्टिल्बाइटचा मोतिया पंखा मात्र पांढरा पडला होता, आणि बोट लावताच त्याचा भुगा हाताला आला. चूक सर्वस्वी माझी. पण तेव्हा मला दुसरा मार्ग ठाऊक नव्हता, आणि तो मार्ग आमच्याच घरात रोज बोलला जात होता.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात सूत रंगवायच्या कामावर होते. त्यांच्या कपड्यांना जळक्या काडेपेटीसारखा वास यायचा. तो वास हायड्रोचा, म्हणजे रंगकामात लागणाऱ्या एका पुडीचा. चादरी-टॉवेलच्या सुताला पक्का रंग द्यायचा तर व्हॅट रंग लागतात, आणि ते पाण्यात विरघळत नाहीत. टाकीत कॉस्टिक सोडा आणि हायड्रो पडलं की ते विरघळतात, सुतात शिरतात आणि हवा लागली की तिथेच पक्के होतात. निळीच्या टाकीतून वर आलेली लडी पिवळट-हिरवी असते आणि बघता बघता निळी होत जाते. लहानपणी हे बघायला मी मुद्दाम थांबायचो. गंजाच्या बाबतीत हायड्रो हेच काम करतं. न विरघळणाऱ्या लोखंडाला ते विरघळणाऱ्या रूपात आणतं, आणि तेही आम्लाशिवाय.

घोळ आहे तो नावाचा, आणि त्यावर सविस्तर बोलायलाच हवं. रंगवाल्यांचं हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. १८६९ च्या सुमारास एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते नाव दिलं, तेव्हा त्यात हायड्रोजन आहे असा समज होता. पुढे तो खोटा ठरला. शास्त्रीय नाव बदलून डायथायोनाइट झालं, पण रंगाच्या दुकानात जुनंच नाव राहिलं. म्हणजे या हायड्रोत हायड्रोजन नाहीच. ज्यांच्या नावात हायड्रो आहे अशी दुसरी रसायनं मात्र दगडवाल्यांच्या बोलण्यात सतत येतात: हायड्रोक्लोरिक आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सर्वांत घातक हायड्रोफ्लुओरिक आम्ल. हे शेवटचं खुद्द गारगोटी विरघळवतं. त्याचं पातळ द्रावण कातडीवर पडलं तर लगेच जाणवतही नाही. ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि जीव घेऊ शकतं. कोणी फोनवर नुसतं ‘हायड्रो वापर’ म्हणालं आणि ऐकणाऱ्याने भलतंच आणलं, तर काय होईल याचा विचारही नको वाटतो. माझा आग्रह आहे की दुकानात पूर्ण नाव लिहिलेली चिठ्ठी द्यावी आणि डब्यावरचं लेबल वाचूनच पैसे द्यावेत. हायपो हा आणखी तिसराच पदार्थ. तो फोटो धुण्याचा.

हायड्रो दगडांपर्यंत पोचलं ते मातीच्या अभ्यासातून. १९६० च्या सुमारास चिकणमातीतलं लोखंड काढण्यासाठी डायथायोनाइट, सायट्रेट (लिंबू सत्त्वाचा क्षार) आणि खायचा सोडा अशी तिकडी जमवली गेली. सायट्रेट सुटलेल्या लोखंडाला धरून ठेवतं आणि सोडा द्रावण आम्लधर्मी होऊ देत नाही. १९८० साली कॅनडातल्या एका संग्रहालयातल्या तज्ज्ञाने हीच पद्धत खनिजांच्या नमुन्यांसाठी मांडली. आपल्या नाजूक शेजाऱ्यांसकट असलेल्या दगडांना ती ऑक्झॅलिकपेक्षा कितीतरी सोयीची आहे. तरी ऑक्झॅलिकचाच बोलबाला जास्त, याचं मला वाईट वाटतं. त्यात भर आपल्या बोअरच्या जड पाण्याची: त्यातल्या कॅल्शियमशी ऑक्झॅलिकचा पांढरा साका जमतो. भांडं उन्हात राहिलं तर लोखंडाचाही पिवळा थर बसतो, आणि तो काढायला पुन्हा सायट्रेटच लागतं.

घरी करताना क्रम महत्त्वाचा. लिंबू सत्त्व आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यात विरघळवून त्यात खायचा सोडा थोडा थोडा घालायचा. फेस पूर्ण थांबला की वर थोडा जास्तीचा सोडा, आणि त्यानंतरच हायड्रो. आम्ल शिल्लक असताना हायड्रो पडलं तर घशाला झोंबणारा सल्फर डायऑक्साइड सुटतो. म्हणून काम गच्चीवर, हातमोजे आणि चष्मा घालून, प्लास्टिकच्या डब्यात करावं. वर ताटली झाकावी, झाकण घट्ट लावू नये. तासाभरात तांबूस थर फिका पडू लागतो. द्रावण काही तासांत निकामी होतं, मग नवं करावं. दगड नंतर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजत ठेवावा. ब्लीचिंग पावडर यात कुठेही नको: तिने गंज निघत नाही, आणि आम्लाशी गाठ पडली तर क्लोरीन सुटतो.

उरलेलं हायड्रो कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात राहू द्यावं. ओल लागली की त्याची पूड आपोआप तापते आणि पेटही घेऊ शकते. वडिलांच्या कामावर ओल्या हाताने डब्याला कोणी शिवायचं नाही, असा दंडकच होता.

भिजवण्याआधी दगड भिंगाखाली फिरवून बघावा. पोकळीच्या भिंतीवरचा हिरवा थर सेलॅडोनाइट या खनिजाचा असतो, तो घाण नव्हे. स्फटिकाच्या पोटात अडकलेले लाल ठिपके कशानेही निघत नाहीत. आणि जांभळ्या गारगोटीचा जांभळेपणा तिच्या आतल्या लोखंडामुळेच आलेला असतो.