मार्चमधला दसरा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, आमच्या मिनियापोलिसमध्ये मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि त्याच आठवड्यात आमचं घर एकदम घाण दिसायला लागतं. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी साडेसहाला कवडसा येतो तो थेट टीव्हीच्या कपाटावर. बोटाने नाव लिहावं एवढी धूळ.

पहिली दोन वर्षं मला वाटायचं, थंडी सरताना ही कुठून तरी येत असणार. ती कुठून येत नाही, हिवाळाभर तिथेच असते. डिसेंबरात इथे सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे कामावरून घरी यावं तर अंधार. मार्चच्या मध्यावर तोच सूर्य सव्वासातपर्यंत टिकतो आणि आपण घरात असताना तिरपा आत शिरतो. तिरप्या उजेडात कपाटावरच्या कणाकणाची सावली पडते. हवेत तरंगणारे कण तर उन्हाच्या दिशेने तोंड करून पाहिलं की जास्तच चमकतात, कारण इतके बारीक कण प्रकाश मुख्यतः पुढच्या बाजूला विखुरतात. छताच्या दिव्याखाली हेच घर अगदी लख्ख वाटत होतं.

हिवाळ्यातल्या बंद घराची हवा मोठी विचित्र असते. बाहेर उणे १० अंश असताना एक घनमीटर हवेत जेमतेम सव्वादोन ग्रॅम बाष्प मावतं. ती हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिच्यात १७ ग्रॅम मावू शकतात, पण असतात तेच सव्वादोन. म्हणजे सापेक्ष आर्द्रता १२-१३ टक्के. आंघोळ, स्वयंपाक, आपला श्वास यांनी ती थोडी वर येते एवढंच. अशा कोरड्या हवेत स्थिर विद्युत साचते. दाराची मूठ धरली की चटका बसतो आणि प्लॅस्टिकवर, पडद्यावर धूळ चिकटून राहते. कोरड्या फडक्याने घासलं तर घर्षणाने आणखी विद्युतभार तयार होतो आणि तासाभरात धूळ परत हजर. फडकं ओलसर हवं.

या कोरडेपणाचा एक फायदाही आहे, आणि तो मला फार उशिरा कळला. घरातल्या धुळीने शिंका येतात त्यामागे डस्ट माइट असतात. हे आठ पायांचे जीव, लांबी मिलिमीटरच्या एकतृतीयांशाच्या आसपास, खाणं आपल्या अंगावरून झडलेली त्वचा. धुळीच्या ॲलर्जीचं मूळ माइट आहे, हे १९६४ साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी दाखवलं. पुढे १९८१ मध्ये कळलं की खरा त्रास त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनाचा असतो. हा प्राणी पाणी पीत नाही, हवेतली ओल अंगात शोषून घेतो. आर्द्रता बरेच दिवस ५० टक्क्यांच्या खाली राहिली की तो सुकून मरतो. त्यामुळे मिनेसोटातला हिवाळा संपेपर्यंत गादीतले बहुतेक माइट गेलेले असतात. विष्ठा मात्र राहते. तिचे कण तसे जड, गादी झटकली की उडतात आणि काही मिनिटांत खाली बसतात. म्हणून शिंका येतात त्या नेमक्या अंथरूण घालताना.

आता आपल्याकडचं पाहा. महाराष्ट्रात घर बंद राहतं ते पावसाळ्यात, आणि मोठी साफसफाई निघते घटस्थापनेच्या आधी. ‘दसरा काढला का?’ असं शेजारणी एकमेकींना विचारतात. भांडी, फडताळं, माळा, सगळं खाली येतं आणि गोधड्या नदीवर किंवा विहिरीवर जातात. ते दिवस माइटांच्या भरभराटीचे, कारण आधीचे चार महिने हवा ओलीगच्च. मिनेसोटात आपण मेलेल्यांची घाण काढतो, दसऱ्याला जिवंत फौजेवर चाल करतो. त्या प्रथिनाला पाणी पुरतं, ते विरघळून जातं. जिवंत माइट मारायला मात्र ६० अंशांच्या आसपासचं गरम पाणी लागतं, नाहीतर कडक ऊन. आमची आजी गोधड्या दिवसभर तापलेल्या दगडांवर पसरायची, तेव्हा तिला माइट ठाऊक नव्हते.

जुन्या अमेरिकेत वसंतातल्या सफाईचा मुख्य शत्रू होता कोळशाची काजळी. शेगडी चार-पाच महिने धुमसली की भिंतीवरचा कागद काळवंडायचा. ओल्या फडक्याने काजळी आणखी पसरते आणि कागदही सुटतो, म्हणून त्यावर कणकेसारखा मऊ गोळा फिरवत. काजळी गोळ्याला चिकटून यायची. सिनसिनाटीची कुटोल कंपनी असे गोळे विकायची. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी गॅस आणि तेलावरचे हीटर आले, काजळी संपली आणि गोळ्याचा खपही बसला. मग मालकांच्या नात्यातल्या एका बालवाडीच्या शिक्षिकेने तो मुलांच्या हातात देऊन पाहिला. १९५६ मध्ये तोच ‘प्ले-डो’ म्हणून, मुलांच्या खेळण्याची माती म्हणून बाजारात आला. मुलांच्या हातून गालिच्यात घुसलेला प्ले-डो खरवडताना ही गोष्ट मला दरवेळी आठवते.

काजळीची जागा आता दारात उमटणाऱ्या पांढऱ्या वलयांनी घेतली आहे. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांबरोबर घरात येतं. साधं मीठ पाण्याने जातं. मिठात कॅल्शियम असेल आणि त्याचे डाग राहिले तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालावं, आम्लात ते विरघळतात. पण त्याच बादलीत ब्लीच कधीच ओतू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

सफाई वरून खाली करावी, हे सांगायला आई पुरेशी होती, तरी हिशेब मजेशीर आहे. शांत हवेत १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दोन मीटर खाली यायला सुमारे ११ मिनिटं घेतो. १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ १६ तास लागतात. म्हणून मी आधी पंख्याची पाती पुसते, मग चहा घेते, मग फरशी.

यंदा गोधडी धुऊन मुद्दाम बाहेर टांगली, उणे ५ अंशांत. पापडासारखी ताठ झाली. ऊन आणि वारा असेल तर कपड्यातला बर्फ न वितळताच थेट वाफ होऊन उडतो आणि कपडा गोठलेलाच वाळतो, हे पुस्तकात वाचलं होतं. सोबत टांगलेल्या चादरीचं तसंच झालं. गोधडीला मात्र लुगड्यांचे सात थर आहेत. तिसऱ्या दिवशीही ती आतून ओलसरच होती, शेवटी ड्रायरमध्ये टाकली.