बाजारकेंद्री शिक्षणसुधारणा आणि जिल्हा परिषद शाळा (ग्रामीण विदर्भ)

पालकांनी शाळा निवडावी, शाळांनी विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा करावी आणि सरकारी पैसा मुलामागोमाग जावा, या तत्त्वावरचे बदल म्हणजे बाजारकेंद्री शिक्षणसुधारणा. चिलीने 1981 मध्ये आणि स्वीडनने 1992 मध्ये व्हाउचर (पालकाने निवडलेल्या शाळेला मुलामागे मिळणारा सरकारी पैसा) आणून हा मार्ग धरला. भारतात कोठारी आयोगाने (1964–66) नेमके उलट सुचवले होते: परिसरातल्या सगळ्यांची मुले एकाच समान शाळेत शिकावीत. महाराष्ट्रात ‘कायम विनाअनुदानित’ (सरकारी अनुदान कधीच न मिळणाऱ्या) शाळांच्या धोरणाने आणि पुढे 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने खाजगी शाळांची वाट मोकळी झाली.

विदर्भाच्या खेड्यात व्हाउचर नाही. पण शिक्षक पटावर, म्हणजे विद्यार्थीसंख्येवर मिळतात, त्यामुळे घडते तेच. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. समजा पट 64 आहे. तालुक्याच्या कॉन्व्हेंटची (खाजगी इंग्रजी शाळेची) गाडी गावात येऊ लागली आणि पाच मुले गेली, की पट 59 वर येतो. पुढच्या संच मान्यतेत (पटानुसार शिक्षकांची पदे ठरवण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) तिसरे पद जाते, ते गुरुजी ‘अतिरिक्त’ ठरून समायोजनात दुसऱ्या गावी जातात. उरलेल्या दोघांकडे पाच वर्ग. त्यातले एक शाळांच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीला किंवा मतदारयादीच्या कामाला गेले, की पाचही वर्ग एकाच खोलीत बसतात. ते पाहून आणखी पालक नाव काढतात. गुरुजींच्या शिकवण्यात काही उणे नसतानाही हे घडते, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे.

आधी जातात ती फी परवडणाऱ्या घरची मुले. अनेक घरांत मुलगा कॉन्व्हेंटला आणि मुलगी जिल्हा परिषदेत असते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. गळक्या छतासाठी पंचायत समितीत भांडणारे पालकच निघून गेल्यावर समिती सह्यांपुरती उरते. दुर्बल आणि वंचित घरच्या मुलांना खाजगी शाळांतील 25 टक्के राखीव जागांचा मार्ग आहे, पण शाळा तालुक्याला असेल तर गाडीभाडे पालकाच्याच खिशातून जाते.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा (अनेक गावांची मिळून एक मोठी शाळा) करण्याचा प्रस्ताव सरकारने 2023 मध्ये पुढे आणला. मेळघाटात किंवा गडचिरोलीत पावसाळ्यात नाल्याला पूर आला की मूल तिथे पोहोचणार कसे? प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम याच मुलांसाठी आहे.

फी कापूस-सोयाबीनच्या पैशावर चालते. पीक बुडाले की मूल दिवाळीनंतर गावच्या शाळेत परत येते. पट मात्र 30 सप्टेंबरचा धरलेला असतो, म्हणून त्या वर्षी त्याच्यासाठी शिक्षक वाढत नाही. थकीत फीसाठी जुनी शाळा दाखला अडवते, विद्यार्थी-नोंदीच्या सरकारी पोर्टलवर नाव सोडत नाही. दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांनी मुलाला लगेच वर्गात बसवावे आणि नाव हस्तांतराची विनंती त्याच दिवशी पाठवावी.