कडक की मऊ? दोन्ही, पण वेगवेगळ्या थरांत

घरात कुणाची कंबर धरली की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘कडक गादीवर झोप, नाहीतर सरळ जमिनीवर.’ स्पेनमध्ये फ्रान्सिस्को कोव्हाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांपैकी काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता. हा अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

याचं कारण कण्याच्या आकारात आहे. कणा मानेशी आणि कमरेशी आत वळतो, पाठीशी बाहेर येतो. फार कडक गादीवर कुशीवर झोपलं की सगळा भार खांदा आणि खुब्यावर येतो आणि कमरेला खालून आधारच मिळत नाही. फार मऊ गादीत धडाचा जड भाग खोल रुततो आणि कणा बाक घेतो. म्हणजे गादीनं खांद्याला जागा द्यायची, पण कमरेखालून हात काढून घ्यायचा नाही. एकाच जातीच्या जाड ठोकळ्याला ही दोन कामं जमवणं कठीण. म्हणून थर, आणि इथे बोलू लॅटेक्सच्या थरांबद्दल.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तो फेसाळून, साच्यात घालून, गंधकाच्या मदतीनं पक्का करतात. आपल्याकडे रबराच्या उत्पादनात केरळ आघाडीवर आहे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या डोंगरउतारांवरही रबराच्या बागा दिसतात. डनलॉप पद्धतीत फेस थेट साच्यात ओतून भाजतात. टॅलाले पद्धतीत साचा अर्धवट भरून निर्वातात फेस फुगवतात, तो गोठवतात, मग भाजतात. त्यामुळे टॅलाले बहुधा हलकं आणि एकसारखं लागतं, डनलॉप भरीव. माझ्या मते खालच्या थराला डनलॉप पुरेसं आहे, टॅलालेचे जादा पैसे घालायचेच तर वरच्या थरात घालावेत.

आता खरी गंमत. थर एकावर एक ठेवले की वजन दोघांतूनही जातं, पण मऊ थर जास्त दबतो. खालचा थर वरच्यापेक्षा दुप्पट ताठ असेल, तर एकूण दबण्यातला सुमारे दोन तृतीयांश वाटा वरच्याचा. मात्र फेसातल्या पोकळ्या एका मर्यादेनंतर मिटतात, वरचा थर जवळजवळ घट्ट होतो आणि पुढचा आधार खालचा थर देतो. म्हणून जाडीला महत्त्व. नव्वद किलोच्या माणसाला एक इंची मऊ थर जाणवणारच नाही, तर पन्नास किलोच्या माणसाला चार इंची मऊ थरात खालचा कडक थर भेटणारच नाही. क्रमही बदलून चालत नाही. वरचा मऊ थर खांद्याचा टोकदार भार पसरवून खाली देतो. कडक थर वर आला तर खांदा आधी त्याच्यावरच आदळतो.

कुशीवर झोपणाऱ्यांनी सहा इंची गादीत चार इंच कडक आणि वर दोन इंच मऊ असं सुरुवातीला घेऊन पाहावं. वजन जास्त असेल तर मऊ थर तीन इंच ठेवून खालचा अधिक ताठ घ्यावा. उताणं झोपणाऱ्यांना कमी मऊपणा पुरतो. पालथं झोपणाऱ्यांना तर अगदी पातळ, कारण पोट रुतलं की कमरेचा बाक वाढतो. थर चिकटवलेले नसून चेनच्या खोळीत सुटे असतील तर उत्तम, नंतर एखादाच थर बदलता येतो. नवरा-बायकोच्या वजनात फार फरक असेल तर दोन बाजूंना वेगळे थरही घालता येतात.

दुकानदार घनता सांगतात, पण एकाच कारखान्याच्या, एकाच पद्धतीच्या थरांत तुलना करायलाच ती कामी येते. थर २५ टक्के दाबायला किती बळ लागतं, हा आकडा मागा. मूठ दाबून किंवा काठावर बसून गादी पारखू नका. बसताना सगळा भार छोट्या जागेवर येतो. रोज झोपता तसे पंधरा मिनिटं पडा आणि सोबतच्या माणसाला मागून पाहायला सांगा. कुशीवर असताना मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ हवी. उशी मात्र घरचीच न्या, नाहीतर मानेचा दोष गादीवर जाईल.

एक जपा. कापसाची गादी आपण उन्हात टाकतो, लॅटेक्सची कधीही टाकू नका. अतिनील किरणांनी रबर पिवळं पडून चुरू लागतं. खाली फटी असलेला पलंग आणि खेळती हवा एवढं तिला पुरे.