फुल फ्रेम डीएसएलआर: सेन्सरपुढच्या फिल्टरचा वाद

1999 मध्ये आलेल्या 2.7 मेगापिक्सेलच्या डीएसएलआर बॉडीने, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्याने, वृत्तछायाचित्रण डिजिटलकडे वळवले खरे, पण तिचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, म्हणजे दीडपट क्रॉपचा होता. लांब पल्ल्याच्या लेन्स वापरणाऱ्यांना तो उलट सोयीचा पडला. पंचाईत झाली ती वाइड वापरणाऱ्यांची, कारण 20 मिमीची महागडी लेन्स आता 30 मिमीइतकाच आवाका दाखवू लागली. जुन्या लेन्स पुन्हा पूर्ण कामी याव्यात, ही 36×24 मिमी, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या फुल फ्रेम सेन्सरमागची पहिली गरज. प्रतिमेच्या दर्जाच्या गप्पा नंतर आल्या.

अडचण कारखान्यात होती. चिप छापणारे यंत्र एका वेळी साधारण 26×33 मिमी एवढेच क्षेत्र छापते. फुल फ्रेम त्यात मावत नाही, म्हणून सेन्सर तुकड्यातुकड्याने छापून सांधे जुळवावे लागतात. शिवाय चिप जितकी मोठी तितकी तिच्यात एखादा दोष सापडण्याची शक्यता जास्त. त्यामुळेच क्रीडा छायाचित्रणाच्या काही बॉडी 2009 पर्यंत 1.3 पट क्रॉपच्या मधल्या आकारावर थांबल्या होत्या. 2002-03 मध्ये 6, 11 आणि 13.9 मेगापिक्सेलच्या पहिल्या तीन फुल फ्रेम डीएसएलआर आल्या. त्यांतली 6 मेगापिक्सेलची सीसीडी प्रकारच्या सेन्सरवर होती, बाकी दोन सीमॉस प्रकारच्या. पुढे सीमॉसच टिकले.

खरी कलाटणी 2007 च्या फुल फ्रेम बॉडीची. 12.1 मेगापिक्सेल, जवळपास साडेआठ मायक्रॉनचे पिक्सेल, सेकंदाला 9 फ्रेम आणि अधिकृत आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) 6400. मात्र तिचे 51 बिंदूंचे ऑटोफोकस मॉड्यूल त्याच कंपनीच्या त्याच वर्षीच्या क्रॉप बॉडीतलेच होते. सेन्सर मोठा झाला, मॉड्यूल तेवढेच राहिले, त्यामुळे सगळे बिंदू फ्रेमच्या मध्यभागी दाटले. ऑटोफोकसला प्रकाश पुरवतो मुख्य आरशामागचा छोटा दुय्यम आरसा, आणि आरशाच्या पेटीत त्याला फार मोठे व्हायला जागाच नसते. डोळ्यावर फोकस धरून चौकट हलवायची आणि फोकसची खोली अगदी कमी असलेल्या 85 मिमी एफ/1.4 लेन्सला फोकस कानावर गेलेला पाहायचा, ही तक्रार तेव्हापासूनची आणि डीएसएलआरच्या अखेरीपर्यंत पुरती न मिटलेली.

2008 मध्ये 21 मेगापिक्सेलच्या बॉडीने 1080 रेषांचा व्हिडिओ दिला. तो काढताना सेन्सरच्या मधल्या मधल्या ओळी गाळल्या जात, म्हणून विटांच्या भिंतीवर आणि छपराच्या कौलांवर रंगीत लहरी उमटत. यालाच मॉयरे म्हणतात. अशा लहरी टाळायला बारीक तपशील किंचित मऊ करणारा सेन्सरपुढचा लो-पास फिल्टर फोटोसाठी बसवलेला होता, तो तिथे निरुपयोगी होता. इथून या फिल्टरकडे लोकांचे लक्ष गेले, आणि 2012 मध्ये ठिणगी पडली.

त्या वर्षीची 36.3 मेगापिक्सेलची बॉडी दोन रूपांत आली. एकीत नेहमीचा फिल्टर, दुसरीत त्याचा परिणाम रद्द केलेला. गंमत म्हणजे काम रद्द केलेली आवृत्ती महाग होती. नेहमीच्या फिल्टरमध्ये पहिला थर प्रकाशबिंदूचे दोन भाग करतो, मधला थर ध्रुवीकरण बदलतो आणि शेवटचा थर त्या दोनांचे चार करतो. दुसऱ्या आवृत्तीत मधल्या थराच्या जागी साधी काच घालून शेवटच्या थराने ते दोन बिंदू पुन्हा एकत्र आणले. थर नुसते काढून का टाकले नाहीत? कारण काचेतून जाताना फोकसचे प्रतल मागे सरकते, 1 मिमी काचेमागे सुमारे एक तृतीयांश मिमी. जाडी बदलली की सेन्सर, व्ह्यूफाइंडर आणि ऑटोफोकस यांची सगळी जुळणी नव्याने करावी लागते. 2014 च्या पुढच्या बॉडीत ती केली आणि फिल्टर पूर्ण गेला.

'पिक्सेल एवढे बारीक झाले की आता मॉयरे होत नाही' हा तेव्हाचा लाडका युक्तिवाद. तो अर्धाच खरा आहे. 4.88 मायक्रॉनच्या पिक्सेलची मर्यादा मिमीला सुमारे 102 रेषाजोड्या (एक काळी आणि एक पांढरी रेषा मिळून एक जोडी). पण लाल आणि निळे पिक्सेल एकाआड एक असल्यामुळे त्या रंगांची मर्यादा निम्म्यावर, 51 च्या आसपास येते, आणि चांगली लेन्स एफ/5.6 ला तिथपर्यंत सहज पोहोचते. म्हणून निसर्गचित्रात काही दिसत नाही, पण सुटाच्या कापडावर, जाळीवर, पक्ष्याच्या पिसांवर हिरव्या-जांभळ्या पट्ट्या येतात. एफ/16 ला विवर्तनच (लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे पसरणे) फिल्टरचे काम करते आणि पट्ट्या जवळजवळ जातात, पण फिल्टर काढून मिळवलेला तपशीलही त्याबरोबर जातो. मागच्या पडद्यावर लहान केलेल्या चित्रात दिसणारा मॉयरे कधी कधी खोटा असतो. 100 टक्के मोठे करूनच ठरवावे. खरा असेल तर अंतर किंवा कोन किंचित बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय. रॉ फाइलच्या (सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या) प्रक्रियेतला मॉयरे ब्रश रंग फिका करतो, उजेड-सावलीच्या पट्ट्या मात्र तशाच राहतात.

हा प्रयोग नवा नव्हताच. 2003 ची 13.9 मेगापिक्सेलची बॉडी फिल्टरविनाच होती आणि कापडाच्या फोटोंमुळे तिची बरीच बदनामी झाली. 2015 ची 50 मेगापिक्सेलची जोडी पुन्हा 2012 च्याच धर्तीवर आली, एक फिल्टरसह आणि एक रद्द केलेली. एकंदरीत फिल्टर काढण्याचा आग्रह स्टुडिओ आणि निसर्गवाल्यांनी धरला, आणि चाचणी तक्त्यांच्या तुलनांनी त्याला नको इतके बळ दिले. 2020 च्या 20.1 मेगापिक्सेलच्या क्रीडा बॉडीत फिल्टर होताच, उलट तो चारऐवजी सोळा बिंदूंत प्रकाश वाटणारा नवा फिल्टर होता. रोज शेकडो जेपेग थेट पाठवणाऱ्याला पट्ट्या पुसत बसायला वेळ नसतो.

जुन्या बॉडीतला फिल्टर बाहेरच्या कारागिराकडून काढून त्याजागी साधी काच बसवून घेतलेले नगही फिरतात. असा नग घेताना आधी वाइड लेन्स लावून अनंतावर फोकस येतो का ते पाहावे. मग व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसने आणि लाइव्ह व्ह्यूमधून (आरसा उचलून मागच्या पडद्यावर पाहून) असे एकाच वस्तूचे दोन फोटो काढून ताडावेत. लाइव्ह व्ह्यूचा फोटो टोकदार आणि दुसरा मऊ आला, तर नवी काच मूळ जाडीची नसण्याचा संशय घ्यावा. फरक थोडा असेल तर ऑटोफोकसच्या सूक्ष्म समायोजनात, साधारण अधिक-उणे 20 पायऱ्यांत, तो सावरता येतो. त्यापलीकडे गेला तर बॉडी उघडूनच जुळणी करावी लागते.