पुण्यात नगरसेवकपदाला उभं राहणं: सतत हलणाऱ्या हद्दींची पार्श्वभूमी

पुणे महापालिकेच्या गेल्या पाच निवडणुका घ्या. २००२ साली तीन सदस्यांचे प्रभाग होते. २००७ मध्ये एक वॉर्ड, एक नगरसेवक. २०१२ मध्ये दोनाचा प्रभाग, २०१७ मध्ये चाराचा आणि जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा चाराचा, पण वाढलेल्या हद्दीसह. मधल्या काळात तीन सदस्यांची एक पूर्ण रचना कागदावर तयार होऊन बादही झाली. त्यामुळे इथे एका निवडणुकीत कमावलेली माहिती पुढच्या निवडणुकीत जशीच्या तशी कामी येत नाही. कुठली गल्ली आपली, कुठली सोसायटी पलीकडच्या प्रभागात गेली, हे दर वेळी नव्याने शिकावं लागतं.

पुण्याची नगरपालिका १८५७ च्या सुमारास स्थापन झाली आणि सुरुवातीला तिचे सभासद सरकार नेमत असे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात असेच नेमलेले सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याच्या प्रस्तावाला त्यांनी एकट्याने विरोध केला, तो याच सभागृहात. व्हाइसरॉय रिपनच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर निवडून आलेल्या सभासदांचं प्रमाण वाढत गेलं. टिळक १८९५ मध्ये निवडून आले, गोखल्यांनी पुढे अध्यक्षपद भूषवलं. मतदार मात्र मूठभर होते. मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांपैकी कशाची तरी पात्रता असल्याशिवाय मत नव्हतं. पेठेतल्या उमेदवाराला मतदारांची नावं तोंडपाठ असणं तेव्हा सहज शक्य होतं.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी शहर आणि उपनगर या दोन नगरपालिका एकत्र करून महापालिका झाली. पुणे आणि खडकी ही कटक मंडळं बाहेर राहिली, म्हणूनच कॅम्पातला मतदार आजही महापालिकेला मत देत नाही. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीनंतर बाबूराव सणस पहिले महापौर झाले. त्या काळात पक्षापेक्षा नागरी संघटनेसारख्या स्थानिक आघाड्यांना वजन होतं. महापालिका चालवणारा मूळ कायदा १९४९ चा आहे आणि अनेक दुरुस्त्यांसह तोच आज लागू आहे.

दोन गोष्टींनी पुढे सगळं बदललं, आरक्षण आणि हद्दवाढ. महाराष्ट्राने १९९० मध्ये महिलांना ३० टक्के जागा दिल्या. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश आरक्षण बंधनकारक केलं, २०११ मध्ये राज्याने ते निम्म्यावर नेलं. त्याच घटनादुरुस्तीमुळे १९९४ मध्ये राज्य निवडणूक आयोग उभा राहिला आणि पालिकांच्या निवडणुका त्याच्याकडे आल्या.

एक सदस्याच्या वॉर्डात आरक्षणाची सोडत म्हणजे थेट टांगती तलवार. चिठ्ठी महिलेच्या नावाची निघाली की तिथल्या नगरसेवकाने एकतर शेजारचा वॉर्ड शोधायचा, नाहीतर घरातल्या कुणाला तरी उभं करायचं. चार सदस्यांच्या प्रभागात हा धोका बराच बोथट झाला. अ, ब, क, ड या चार जागांपैकी निदान एक तरी बहुतेकांना लागू पडते. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींच्या जागा आधीच्या अक्षरांवर बसतात, सर्वसाधारण जागा बहुधा शेवटी उरते. म्हणून प्रभागातले वजनदार लोक ‘ड’ वर एकमेकांशी भिडतात. मोठे प्रभाग राजकीय पक्षांना आवडतात त्याचं एक कारण इथे आहे. दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं कारण खर्चाच्या हिशेबात आहे. तो पुढे येतोच.

हद्दवाढीची गोष्ट १९९७ च्या ३८ गावांपासून सांगावी लागते. विरोधानंतर त्यातली १५ गावं २००१ मध्ये वगळली गेली, २३ राहिली. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि ३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावं आली. वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, मांजरी ही त्यातलीच. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं आणि पुण्याने मुंबईला मागे टाकलं. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं वेगळ्या नगरपरिषदेसाठी बाहेर काढण्यात आली. २०२१ च्या गावांच्या वाट्याला विचित्र काळ आला. ग्रामपंचायत गेली आणि नगरसेवक मिळायला साडेचार वर्षं लागली. तिथे सरपंचकी केलेल्या माणसाला गावकी आणि भावकीची गणितं पक्की ठाऊक, पण नव्या टॉवरमधल्या हजारो मतदारांच्या दारात तो परकाच असतो.

निवडणूक रखडली ती मुख्यतः ओबीसी आरक्षणावरून. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी चाचणीची अट घातली: मागासलेपण तपासणारा आयोग, त्याने गोळा केलेली प्रत्यक्ष आकडेवारी आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा. पुण्याच्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासक आला. तेव्हा तीन सदस्यांच्या ५८ प्रभागांची, १७३ जागांची रचना तयार होती. सरकार बदललं, ती रचना रद्द झाली, पुन्हा कोर्टकज्जे. शेवटी ६ मे २०२५ च्या आदेशाने वाट मोकळी झाली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं. आधीचं मतदान २१ फेब्रुवारी २०१७ चं. जवळपास नऊ वर्षांचं हे अंतर पुष्कळ इच्छुकांना आर्थिकदृष्ट्या पेलवलं नाही. दर दिवाळीला ‘आता लागणार’ म्हणून फराळवाटप, देवदर्शनाच्या सहली आणि फ्लेक्स लावून थकलेले लोक प्रत्यक्ष निवडणूक आली तेव्हा रिकाम्या खिशाने उभे होते.

जागा किती हे लोकसंख्येवरून ठरतं. ३० लाखांवर गेलेल्या शहराला १६१, वर प्रत्येक लाखामागे एक, कमाल १७५. लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेची धरतात. सध्याच्या हद्दीत ती सुमारे ३४.८ लाख भरते, म्हणून १६५ जागा आणि ४१ प्रभाग. त्यातले ४० चार सदस्यांचे, एक पाचाचा. पण मतदारयादीत साडेपस्तीस लाखांच्या आसपास नावं होती. म्हणजे रचनेत धरलेल्या एकूण लोकसंख्येपेक्षा, लहान मुलं धरूनही, मतदारच जास्त. बाहेरच्या बाजूला, जिथे २०११ नंतर टॉवर उभे राहिले, तिथे ही तफावत सगळ्यात मोठी आणि पेठांमध्ये सगळ्यात लहान. कागदावर सारखे दिसणारे दोन प्रभाग प्रत्यक्षात सारखे नसतात ते यामुळे.

प्रभाग आखताना जनगणनेचे प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी पाडलेले छोटे तुकडे, जोडत जातात. सुरुवात उत्तरेकडून, मग ईशान्य, पूर्व असं करत शेवट दक्षिणेला. सरासरीच्या दहा टक्के इकडेतिकडे चालतं. नदी, नाला, रेल्वेमार्ग, मोठा रस्ता ही हद्द असावी असा नियम आहे. प्रारूप आराखडा आला की हरकती व सूचनांसाठी थोडे दिवस मिळतात. ‘अन्याय झाला’ असं लिहिलेली हरकत तिथे टिकत नाही. अमुक प्रगणक गट नाल्याच्या पलीकडे असून अलीकडच्या प्रभागात टाकला आहे, असं नकाशासह दाखवलं तर सुनावणीत निदान मुद्दा नोंदला जातो.

यादीचा घोळ त्यानंतर सुरू होतो. राज्य आयोग स्वतंत्र यादी करत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतो. ही फोड करताना अख्ख्या सोसायट्या शेजारच्या प्रभागात पडतात. याचा पहिला फटका उमेदवारी अर्जालाच बसतो. उमेदवाराचं नाव महापालिका हद्दीतल्या कुठल्याही प्रभागाच्या यादीत चालतं, पण सूचक आणि अनुमोदक त्याच प्रभागातले लागतात. वर्षानुवर्षं शेजारी राहिलेला सूचक यादीत पलीकडे गेलेला असतो आणि ते छाननीच्या टेबलावर कळतं. अंतिम यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः पाहिल्याशिवाय कुणाची सही घेऊ नये.

बाकी कागदांची जंत्री अशी: वय २१ पूर्ण, अनामत सर्वसाधारण जागेला ५,००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला निम्मी, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचे दाखले, घरात शौचालय असून ते वापरत असल्याचा दाखला, निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं. शपथपत्रातला एकही रकाना मोकळा सोडायचा नाही. सांगण्यासारखं काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर उभं राहता येत नाही. स्वतःचं किंवा जोडीदाराचं अनधिकृत बांधकामही पद घालवू शकतं, आणि ही तक्रार पराभूत उमेदवारच आवर्जून करतो.

राखीव जागेवर जात वैधता प्रमाणपत्राचा प्रश्न सगळ्यात घातक. निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत ते दिलं नाही तर निवड रद्द होते. ही मुदत बंधनकारकच आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आणि कोल्हापूरसह अनेक ठिकाणच्या नगरसेवकांची झोप उडाली. पडताळणी समितीकडचा प्रस्ताव निवडणूक जाहीर झाल्यावर दाखल करणं म्हणजे उशीरच.

पक्षाच्या उमेदवाराचा जीव एबी फॉर्ममध्ये अडकलेला असतो. ‘ए’ फॉर्मवर पक्ष सांगतो की चिन्ह देण्याचा अधिकार कुणाला दिला आहे, ‘बी’ फॉर्मवर तो अधिकारी उमेदवाराचं नाव लिहितो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. सही शाईची हवी, झेरॉक्स चालत नाही. बंडखोरी टाळण्यासाठी पक्ष फॉर्म मुद्दाम शेवटच्या तासापर्यंत दाबून ठेवतात आणि मग वाहतुकीत अडकलेल्या कार्यकर्त्यामुळे अधिकृत उमेदवार अपक्ष होऊन बसतो. ‘बी’ फॉर्मवर पर्यायी उमेदवाराचंही नाव असतं. मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झाला तर चिन्ह त्याच्याकडे जातं, म्हणून ती ओळही वाचून घ्यावी.

आता हिशेब. एका प्रभागात सरासरी ८६ हजार मतदार आणि शंभराच्या आसपास मतदान केंद्रं. २०२६ मध्ये पुण्यासाठी खर्चमर्यादा उमेदवारामागे १५ लाख होती, २०१७ मध्ये १० लाख. म्हणजे एका मतदारामागे साधारण १७ रुपये. चिन्हवाटप ३ जानेवारीला झालं, म्हणजे प्रचाराला दहा-अकरा दिवस. पक्षाचं पॅनेल चौघांचा खर्च एकत्र करतं, एकच पत्रक, एकच चिन्ह, एकच पदयात्रा. अपक्षाला तेवढाच प्रभाग एकट्याने फिरायचा असतो. चार अपक्षांनी पॅनेल केलं तरी चिन्हं वेगळी मिळतात, आणि मतदाराला चार चित्रं लक्षात ठेवायला सांगणं म्हणजे हरण्याची तयारीच. एक सदस्याच्या वॉर्डात दोन गल्ल्यांच्या ओळखीवर निवडून येणारा कार्यकर्ता इथे मावत नाही.

मतदान यंत्रावर अ, ब, क, ड साठी वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिका असतात आणि मतदाराने चारही जागांसाठी बटण दाबल्यावरच लांब बीप वाजतो. पुष्कळ जण एकदा दाबून निघतात. मग केंद्राध्यक्ष त्यांना परत बोलावतो, नको असेल तर ‘नोटा’ दाबायला सांगतो, आणि बाहेर रांग वाढत जाते. प्रचारात नमुना यंत्र घेऊन ‘चार वेळा दाबा’ हे शिकवत फिरणाऱ्या पॅनेलला याचा फायदा होतो. खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यावा लागतो. हरलेले बरेच जण तो देत नाहीत आणि पुढच्या निवडणुकीच्या वेळी आपण अपात्र ठरल्याचं त्यांना कळतं.

नव्या जनगणनेचे आकडे आले की जागा पुन्हा मोजल्या जातील. ४४ लाख लोकसंख्येला १७५ ची कमाल मर्यादा गाठली जाते. कायदा बदलला नाही, तर त्यानंतर शहर कितीही वाढलं तरी नगरसेवक वाढणार नाहीत, फक्त एकेकाच्या वाट्याला येणारी माणसं वाढतील.