क्वारंटीन बेट

साथीच्या रोगाचा संशय असलेली जहाजे, उतारू व माल बंदरात घेण्यापूर्वी ठरावीक मुदतीपर्यंत अडवून ठेवण्यासाठी राखलेले बेट. येथे ठेवलेला माणूस रोगी नसतो, संशयित असतो. कुष्ठरोग्यांच्या बेटांहून हा प्रकार त्यामुळे वेगळा. प्रत्यक्षात मात्र दोहोंची सरमिसळ वारंवार झालेली आढळते आणि उगमाविषयीचा वादही बराचसा तिच्यातूनच निघाला आहे.

उगम : जुने संदर्भग्रंथ सहसा व्हेनिसला मान देतात. तेथील सांता मारिया दी नाझारेत बेटावर १४२३ मध्ये पहिले कायमस्वरूपी ठिकाण उभे राहिले, याबद्दल फारसे दुमत नाही. परंतु ते मुळात प्लेगच्या रोग्यांचे इस्पितळ होते. धडधाकट पण संशयित लोकांसाठी लाझारेत्तो नुओव्हो हे दुसरे बेट नेमले गेले ते १४६८ मध्ये. त्याआधीच, २७ जुलै १३७७ रोजी, एड्रिअॅटिकच्या पूर्व किनाऱ्यावरील रगूझा (आजचे डुब्रॉव्हनिक) येथील महासभेने ठराव केला होता : प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने मर्कान या खडकाळ बेटावर किंवा जवळच्या त्साव्हटाट गावी महिनाभर काढावा, मगच शहरात यावे. आलेला माणूस आजारी आहे की नाही, याची हा ठराव चौकशी करीत नाही. तो कोठून आला एवढेच पाहतो. म्हणून कल्पनेचे श्रेय रगूझाला आणि संस्थेचे व्हेनिसला देणे अधिक सयुक्तिक दिसते. मिलानच्या सत्ताधीशाचे १३७४ चे फर्मानही पुढे केले जाते, पण त्यात रोग्यांना गावाबाहेर रानात नेण्याची आज्ञा आहे.

महिन्याचे चाळीस दिवस (‘क्वारंटीन’ हा शब्द चाळीस या अर्थाच्या इटालियन ‘क्वारांता’वरूनच आला) केव्हा व का झाले, हा उपवाद आहे. काही जण चाळीस दिवसांच्या ख्रिस्ती उपासकाळाकडे बोट दाखवितात. तसे असते तर पहिल्याच ठरावात चाळीसचा आकडा यायला हवा होता. तीव्र आजार चाळीस दिवसांच्या आत उघड होतो, हा प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रॅटिस याच्या परंपरेतील समज अधिक संभवनीय वाटतो.

ठाणे परिसर : येथे बेटाची भूमिकाच उलटली. मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग (तत्कालीन मराठी पत्रांतील ‘ग्रंथिक सन्निपात’) उघडकीस आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. तोवर मुंबई व साष्टी ही बेटे शीव आणि माहीमच्या बांधांनी जोडली गेली होती; साष्टीच्या पूर्व टोकाला ठाणे. संशयित होते ते बेटच, आणि पहारा बसला मुख्य भूमीवर, कल्याण स्थानकात. कल्याणची निवड समजण्याजोगी आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग ठाण्याची खाडी ओलांडून तेथे पोचतो आणि मगच थळ व बोर या दोन घाटांकडे फुटतो. एका फलाटावर दोन्ही वाटा आवळता येत. ठाणेकर साहजिकच संशयितांच्या बाजूला पडले. तपासणीचा जाच तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना अधिक झाला.

प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. त्या दृष्टीने पाहता प्लेगच्या गाठीसाठी माणसांची काख-जांघ चाचपण्यापेक्षा मालाची गाठोडी सोडून झटकणारे व्हेनिसचे हमालच खऱ्या कारणाच्या जवळ होते, अर्थात नकळत.

भिवंडी-कल्याणकडील कोकणी मुसलमानांना क्वारंटीन बेट ठाऊक झाले ते हजच्या वाटेवर. मुंबईहून जिद्द्याला जाणाऱ्या आगबोटी तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर थांबत. तेथील स्थानक ऑटोमन सरकारने १८८२ मध्ये सुरू केले. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, बेट इंग्रजांकडे गेले. मुक्कामाची मुदत रोग आणि काळ यांनुसार बदलत असे.

कोविडच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्राने १८९७ चाच अधिनियम लागू केला. नवी मुंबईत वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात खाटा लागल्या. बेटाची गरज उरली नव्हती.

भेट : लाझारेत्तो नुओव्हो बेटावर व्हेनिसहून जलबसने जाता येते आणि मोसमात मार्गदर्शकासह फेरी असते. शंभर मीटरहून लांब अशा ‘तेझोन ग्रांदे’ या वखारीच्या भिंतींवर सोळाव्या शतकातील व्यापाऱ्यांनी व हमालांनी तांबड्या रंगात नावे, जहाजे, कोणता माल कोठून आला हे लिहून ठेवले आहे; मालाला धुरी देण्यासाठी जुनिपर व रोझमेरी या सुगंधी वनस्पती जाळीत. कॅनडातील ग्रोस आइल (१८३२ पासून) हे राष्ट्रीय स्मारक असून १८४७ च्या टायफस तापाच्या साथीत दगावलेल्या हजारो आयरिश स्थलांतरितांची दफनभूमी तेथे आहे. कामरान आता येमेनमध्ये मोडते. तेथील यादवीमुळे प्रवास धोक्याचा आहे. ठाण्यातून कळव्याकडे जाताना लोकलच्या दारातून दिसणारे पाणी हीच १८९७ ची सीमा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी पाहण्यासाठी निघणाऱ्या होड्या याच खाडीत, भरतीची वेळ पाहून सुटतात.